गरोदरपणातलं क्रिएटिनिन, छापील रेंज आणि पुण्यात राहिलेली फाईल

पार्क_चौक | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. हा धागा लिहीन लिहीन म्हणत तीन महिने गेले. परवा धाकट्या बहिणीचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा कुठे लिहायचं बळ आलं.

बहीण पुण्यात असते. पहिलं बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात माहेरी सोलापूरला आली. एप्रिल चालू होता, आणि आपल्याकडचा एप्रिल काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरायला कासारीणबाई आल्या तर हिच्या हातात बांगडी चढेना. महिन्यापूर्वी याच मापाच्या बांगड्या सहज जात होत्या. साबण लावून कशातरी दोन-दोन चढवल्या. आई म्हणाली, पोटुशीला सूज येतेच. दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. ऊन लागलं असेल म्हणून कोकम सरबत दिलं, कपाळावर ओली घडी ठेवली. संध्याकाळीही थांबेना, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. बीपी १४६/९४ आणि लघवीत प्रोटीन प्लस टू.

रक्ताचा रिपोर्ट रात्री मोबाईलवर आला. क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) ०.९, शेजारी छापलेलं ०.६ ते १.२. युरिया ३४, शेजारी १५ ते ४०. युरिक अ‍ॅसिड ६.८, तेवढंच ठळक अक्षरात आणि पुढे वर जाणारा बाण. त्या दवाखान्यात सांगितलं, "किडनी नॉर्मल आहे, बीपीची गोळी चालू करा, आठ दिवसांनी या." घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चुलत्यांना युरिक अ‍ॅसिडचा जुना त्रास आहे, त्यामुळे त्याचं काय करायचं हे आम्हाला पाठ होतं. त्याच रात्री बहिणीची तूरडाळ बंद, मटकी बंद, शेंगाचटणी बंद.

मला मात्र झोप लागेना. सकाळी तिला जिथे नाव घातलं होतं त्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "दिवस राहिले तेव्हाचं क्रिएटिनिन किती होतं?"

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सोनोग्राफीच्या फिल्म आम्ही जपून आणल्या होत्या. पण सुरुवातीच्या महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट पुण्याच्या कपाटात होते. भावोजींना फोन केला, त्यांनी ऑफिसातून घरी जाऊन फाईल काढली आणि फोटो पाठवला. अकराव्या आठवड्यात ०.५ होतं. मॅडमनी पेनाने ०.५ आणि ०.९ एकाखाली एक लिहिलं, बीपी परत घेतलं, ते आता १५४/१०० होतं, आणि म्हणाल्या, "हिला आजच ठेवून घेते."

त्यानंतरचे नऊ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. एक दिवसाआड रक्त. ०.९ चं १.० झालं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली. नवव्या दिवशी क्रिएटिनिन १.२, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, बीपी १७०/११२. ३३ वा आठवडा नुकता लागला होता. सिझर झालं. मुलगी १ किलो ६०० ग्रॅमची, अठरा दिवस पेटीत होती. आता दोघीही घरी आहेत आणि पोरगी रात्रभर जागवते.

माझी कळकळ एवढीच आहे. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते ती सातव्या-आठव्या महिन्यात. हा आजार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाणं), डोकं वर काढतो तोही याच सुमारास. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, लॅब बदलते, आणि जुना आकडा सासरी राहतो. तो आकडा नसता तर आम्ही आठ दिवस थांबलो असतो. लॅबमधले किंवा डॉक्टर मंडळी इथे असतील तर त्या रेंजची भानगड नीट समजावून सांगा. मी शाळेत गणित शिकवते, पण हे गणित मला माहीत नव्हतं.

तेरामैल | शनिवार, रात्री १०:३२

ताई, वाचताना अंगावर काटा आला. बहिणीला आणि भाचीला उदंड आयुष्य. पण एक कळलं नाही. रेंज १.२ पर्यंत आणि आकडा ०.९, मग तो वाईट कसा? आणि युरिक अ‍ॅसिड वाढलं तर डाळ बंद करायला नको का?

लॅबमधून | शनिवार, रात्री ११:१५

मी सोलापुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं मशीनवर काम करतोय. रेंजचं सांगतो, कारण ती छापणारे हात आमचेच.

रिपोर्टवर जी रेंज येते ती किटसोबतच्या माहितीपत्रकातून उचललेली असते. सॉफ्टवेअर पेशंटचं वय आणि लिंग बघतं आणि त्याप्रमाणे रेंज टाकतं. गरोदर आहे की नाही, कितवा आठवडा आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही. त्यामुळे ती रेंज गरोदर नसलेल्या बाईची असते. अंधेरीचा लोकल पास घेऊन सोलापूर पॅसेंजरमध्ये बसल्यासारखं आहे ते, पास खरा असतो पण गाडी वेगळी. आमच्याकडे मी फॉर्मवर "गरोदर, आठवडे" असा रकाना हाताने वाढवायला लावलाय. तुम्हीही सॅम्पल देताना तोंडाने सांगा आणि लिहायला लावा.

दुसरी गोष्ट, ०.१ चा फरक कधी खरा मानायचा? बऱ्याच लॅबमध्ये क्रिएटिनिन जाफे पद्धतीने होतं. ही पद्धत १८८६ पासूनची. पिक्रिक अ‍ॅसिडबरोबर नारिंगी रंग येतो आणि मशीन तो रंग मोजतं. अडचण ही की रक्तातली प्रथिनं, ग्लुकोज, उलट्यांनी आणि उपाशी राहण्याने वाढलेले किटोन, काही अँटिबायोटिक, हेही थोडा रंग देतात. आकडा मोठा असेल तर तेवढ्याने बिघडत नाही. गरोदर बाईचा आकडाच ०.५ असतो, तिथे ०.१ म्हणजे पाचवा हिस्सा झाला. उलट कावीळ झालेली असेल तर बिलिरुबिनमुळे आकडा खोटा कमीही दिसू शकतो, आणि या आजारात लिव्हरवर ताण येऊन कावीळ होऊ शकते. एन्झायमॅटिक पद्धत यापेक्षा चोख, पण तिचं किट महाग पडतं. म्हणून शक्यतो सगळी क्रिएटिनिन एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. माहेरी आल्याआल्या, सगळं ठीक असतानाच, इथल्या लॅबमध्ये एकदा करून ठेवलं तर पुढे ताडून बघायला तो आकडा हाताशी राहतो.

हल्ली रिपोर्टच्या तळाशी ईजीएफआर म्हणून आणखी एक आकडा आपोआप छापला जातो. किडनी किती गाळते याचा अंदाज, वय आणि क्रिएटिनिन घालून सूत्राने काढलेला. ते सूत्र गरोदर बायकांसाठी बेतलेलंच नाही. त्याकडे बघून खूषही होऊ नका आणि घाबरूही नका.

आणि सॅम्पल घेताना रक्त फुटलं तर एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खोटं वाढतं. या बायकांमध्ये एलडीएचवर मोठे निर्णय अवलंबून असतात, म्हणून टेक्निशियनने पुन्हा सुई टोचायची म्हटली तर रागावू नका.

बार्शीची_डॉक्टर | रविवार, सकाळी ७:०५

पार्क_चौक ताई, तुमच्या मॅडमनी जुना आकडा विचारला, तिथेच अर्धी लढाई जिंकली होती. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तेरामैल यांच्या प्रश्नाला माझ्या भाषेत उत्तर देते.

दिवस राहिले की किडनीचं काम पहिल्या काही आठवड्यांतच वाढतं. रक्त गाळायचा वेग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. गाळणं वाढलं की रक्तात साठणारा कचरा कमी होतो. म्हणून निरोगी गरोदर बाईचं क्रिएटिनिन ०.४ ते ०.८ मध्ये, बहुतेकींचं ०.५-०.६ च्या आसपास असतं. युरियाही उतरतो, बहुधा विशीच्या आतबाहेर राहतो. युरिक अ‍ॅसिड मधल्या महिन्यांत ३-४ वर असतं आणि शेवटी शेवटी थोडं चढतं. आता ताईंच्या बहिणीचे आकडे पुन्हा वाचा. ०.९, ३४, ६.८. छापील रेंजने एकच चूक दाखवली, खरं तर तिन्ही आकडे ओरडत होते.

गरोदरपणात क्रिएटिनिन ०.८५ च्या वर गेलं की मी थांबून विचार करते. १.१ च्या वर, किंवा आधीच्या दुप्पट, हा गंभीर प्रीएक्लॅम्प्सियाचा निकष आहे. दुप्पट हा शब्द लक्षात ठेवा. ज्या बाईचं मुळात ०.४ आहे तिचं ०.८ झालं तरी दुप्पटच. आपल्याकडच्या बारीक चणीच्या, मांसमच्छर न खाणाऱ्या मुलींचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, कारण ते स्नायूंतून येतं. त्यांच्यात रेंज जास्तच फसवते.

आत काय होतं? किडनीत गाळणीचे लाखो पुंजके असतात. त्यांतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुजतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. या सुजेला १९५९ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं, ग्लोमेरुलर एंडोथेलिओसिस. पण ती का येते ते उलगडायला २००३ उजाडावं लागलं. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले आणि तेव्हा बोस्टनमध्ये काम करणारे अनंत करुमांची यांच्या गटाने दाखवलं की आजारी वारेतून एसफ्लिट-१ नावाचं प्रथिन आईच्या रक्तात जादा सुटतं. अस्तराच्या पेशी ज्या वाढद्रव्यांवर जगतात, ती हे प्रथिन पकडून ठेवतं. गरोदर उंदरांना ते टोचलं तर बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं आणि किडनीत हीच सूज दिसली. म्हणजे दुखणं सुरू होतं वारेत आणि दिसतं किडनीत. म्हणूनच वार बाहेर आल्याशिवाय हा आजार पुरता उतरत नाही.

आता युरिक अ‍ॅसिड. ते क्रिएटिनिनच्या आधी चढतं, कारण किडनी ते नुसतं कमी गाळत नाही, गाळलेलं परत शोषूनही घेते. डाळीचा इथे काही दोष नाही. साठलंय ते बाहेर जायची वाट अडल्यामुळे. या अवस्थेत आईची डाळ तोडणं म्हणजे लघवीवाटे आधीच प्रोटीन जात असताना ताटातलंही काढून घेणं. युरिक अ‍ॅसिडचा आकडा मला सावध करतो, पण एकट्या त्याच्यावर मी कधी सिझर ठरवत नाही आणि कुणी ठरवू नये.

भीमाकाठ | रविवार, सकाळी ९:४०

राग मानू नका, पण मनापासून विचारतो. आमच्या आईची सहा बाळंतपणं घरात झाली. कुणी क्रिएटिनिन ऐकलंही नव्हतं. आता प्रत्येक महिन्याला रक्त, प्रत्येक महिन्याला पैसे. गरीब माणसाने किती तपासण्या करायच्या? भीती घालून तपासण्या वाढवल्या जातात असं गावात लोक बोलतात, ते अगदीच खोटं आहे का?

अशोक_चौक | रविवार, दुपारी १:२०

दादा, तुमच्या आईंना नमस्कार. माझ्या आत्याचं सांगते. आमचं घर विणकरांचं, आई विड्या वळायची. आत्याला आठवा महिना होता. तोंड सुजलं होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणत होती. एका दुपारी मागावरच तिला झटके आले. दात लागले, तोंडातून फेस आला. घरच्यांनी बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवले, अंगारा लावला. डॉक्टरकडे नेईपर्यंत रात्र झाली होती. आत्या गेली, बाळही गेलं. आजी शेवटपर्यंत म्हणायची, तिला त्या दुपारी विहिरीवर पाठवायला नको होतं.

मी नर्सिंगला गेल्यावर पहिल्या वर्षी पुस्तकात एक्लॅम्प्सियाचं, म्हणजे याच आजारात येणाऱ्या झटक्यांचं, पान आलं. काजवे, सुजलेलं तोंड, झटके. वर्गात बसून रडले. घरात बाळंत झालेल्या आणि वाचलेल्या बायका आपल्याला दिसतात, त्यांची मुलं आज बोलतात. आत्याचं बोलायला कुणी राहिलं नाही.

बार्शीची_डॉक्टर | रविवार, दुपारी २:१०

अशोक_चौक, काय बोलू. हे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत.

भीमाकाठ दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. प्रत्येकीला दर महिन्याला क्रिएटिनिन लागत नाही. बीपी आणि लघवी मात्र प्रत्येक भेटीत बघायलाच हवी, त्याला खर्च नगण्य. सुरुवातीच्या रक्ततपासणीत एकदा क्रिएटिनिन घालून घ्यावं, विशेषतः तिच्या आईला बीपीचा त्रास असेल, स्वतःला साखर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, जुळं असेल, वजन जास्त असेल किंवा पहिलं बाळंतपण असेल तर. पुढे बीपी १४०/९० ला टेकलं की मग प्लेटलेट, लिव्हर आणि किडनी या तिन्ही तपासण्या पुन्हापुन्हा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं, बाळंतपण, सिझरसुद्धा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, २०११ पासून. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते.

तेरामैल | रविवार, सायंकाळी ६:००

डाळीचं पटलं मॅडम. घरात आजच सांगितलं. अजून एक. किडनी म्हटलं की आम्ही पाणी भरपूर पाजतो, नारळपाणी देतो, किडनी धुऊन निघते म्हणून. आणि सुजेला मीठ तोडतो. ते बरोबर का?

बार्शीची_डॉक्टर | रविवार, रात्री ८:४५

हे विचारलंत ते बरं केलंत, कारण मायेपोटी सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

मूतखड्याला भरपूर पाणी ठीक. प्रीएक्लॅम्प्सियात रक्तवाहिन्यांचं अस्तरच गळकं झालेलं असतं. वरून ओतलेलं पाणी किडनीपर्यंत पोचण्याआधी बाहेर झिरपतं, पायात, तोंडावर, आणि शेवटी फुप्फुसात. गंभीर पेशंटला लघवी कमी होत असली तरी आम्ही सलाईन हात आखडून देतो, तोंडाने आणि शिरेतून मिळून तासाला साधारण ८० मिलीच्या आसपास. नातेवाईक भांडतात, "लघवी होत नाही आणि तुम्ही सलाईन बंद करताय?" हो, करतो. लघवी एक-दोन दिवस कमी झाली तर किडनी बहुतेक वेळा परत येते. फुप्फुसात पाणी भरलं तर माणूस तासाभरात जाऊ शकतो. आजार नसलेल्या गरोदर बाईने मात्र सोलापूरच्या उन्हात तहान मारू नये, नेहमीसारखं पाणी प्यावं. नारळपाण्यात पोटॅशियम असतं. क्रिएटिनिन चढलेलं असताना भेटायला येणारा प्रत्येक जण दोन नारळ घेऊन आला तर ते बाधू शकतं.

मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही आणि उतरतही नाही. जेवणात नेहमीइतकं मीठ असू द्या. लोणचं-पापड वरचेवर नको इतकंच. आणि सूज उतरायला कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून लघवीची गोळी तर अजिबात नको. सूज बाहेर असली तरी वाहिन्यांच्या आत रक्त आधीच आटलेलं असतं. गोळीने ते आणखी आटतं आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं.

मोहोळची_सिस्टर | रविवार, रात्री १०:१०

म्याडम बोलल्या ते सगळं खरं हाय. मी मोहोळ तालुक्यात सिस्टर आहे. क्रिएटिनिनचं आमच्या कामात कुठं अडतं ते सांगते.

झटके येऊ नयेत म्हणून आम्ही मॅग्नेशियम सल्फेट देतो. पेशंट पुढं पाठवायच्या आधी दोन्ही कुल्ल्यांत खोल पाच-पाच ग्रॅम, असं दहा ग्रॅम. लई गुणाचं औषध हाय. २००२ साली जगभरातल्या दहा हजार बायकांवर अभ्यास झाला, त्यात झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. पण हे औषध अंगातून बाहेर पडतं ते किडनीवाटेच. किडनी मंदावलेली असली तर ते साठतं, मग श्वास मंद होतो. म्हणून पुढचा डोस द्यायच्या आधी आम्ही तीन गोष्टी बघतो. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, मिनिटाला श्वास सोळा तरी हाय का, आणि चार तासांत शंभर मिली लघवी झाली का. यातलं एक जरी नसलं तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरला हाक मारायची. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, भरून उशाशी ठेवलेलं असतं. क्रिएटिनिन वाढलेलं हाय हे आधीच कळलं तर डॉक्टर पुढचे डोस त्या मापानं कमी करतात.

त्यामुळं लघवीची पिशवी लावली म्हणून नातेवाइकांनी चिडू नये. "आमची पोरगी चालतीबोलती हाय, नळी कशाला?" म्हणतात. त्या पिशवीतलं माप बघूनच आमच्या जिवात जीव येतो.

गेल्या उन्हाळ्यात रात्री दोनला एक पोरगी आली होती, डोकं धरून. तिच्या माता बाल संरक्षण कार्डात मागच्या पानावर आशाताईनं सगळे आकडे लिहून ठेवलेले. बीपी, वजन, क्रिएटिनिन सुद्धा. पहिला डोस देऊन १०८ नं सिव्हिलला पाठवली, आणि गाडीत बसायच्या आधी ते पान मी फोनवर तिथल्या डॉक्टरला वाचून दाखवलं. वाचली.

किडनी_विभाग | सोमवार, सकाळी ६:५५

नेफ्रॉलॉजीत शिकतोय. सिस्टॅटिन सी या तपासणीबद्दल कुणी विचारेल म्हणून आधीच लिहितो, कारण इंटरनेटवर वाचून पेशंट ती मागतात.

सिस्टॅटिन सी हे अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात असं छोटं प्रथिन. स्नायू किती, मांस खाल्लं का, याच्यावर ते फारसं अवलंबून नसतं, म्हणून एरवी ते क्रिएटिनिनपेक्षा सरस ठरतं. प्रीएक्लॅम्प्सियात ते चढतं, आणि मॅडमनी वर सांगितलेल्या गाळणीच्या सुजेशी त्याचं नातं स्वीडनमधल्या लुंडच्या अभ्यासांत दिसलंय. तरी आम्ही वॉर्डात ते रोज मागत नाही. कारण शेवटच्या तीन महिन्यांत निरोगी गरोदर बाईतही ते वाढतं, किडनीचं काम उत्तम चालू असताना. काही अंशी वारही ते तयार करत असावी. म्हणजे ज्या काळात प्रश्न पडतो त्याच काळात हा साक्षीदार डगमगतो. एकाच बाईचे आधीचे आकडे असतील तर उपयोग आहे, एकटा आकडा घेऊन बसलात तर गोंधळ वाढेल.

एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ (वारेतून येणारं वाढद्रव्य) यांचं गुणोत्तर वेगळं. ते किडनी मोजत नाही, वार मोजतं. २०१६ मधल्या मोठ्या अभ्यासात गुणोत्तर ३८ किंवा खाली असेल तर पुढच्या आठवड्याभरात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फारच कमी, असं निघालं. बीपी काठावर आहे, घरी पाठवू की ठेवून घेऊ, अशा वेळी ते कामाचं. आजार उघडउघड दिसत असताना त्यावर पैसे घालू नका. तेवढ्याच पैशात क्रिएटिनिन, प्लेटलेट आणि एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) कितीतरी वेळा होतात.

लघवीबद्दल एक राहिलं. पट्टीवरचं प्लस हे लघवी किती घट्ट आहे त्यावर हलतं. मेमध्ये उन्हातून आलेल्या बाईची लघवी पिवळीजर्द असते, त्यात प्लस वन सहज दिसतो. म्हणून प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं लघवीतलं गुणोत्तर करून घ्यावं. ०.३ किंवा वर असेल तर ते खरं प्रोटीन. चोवीस तासांची लघवी जमवायची असेल तर सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. हे उलटं झालं की सगळा हिशोब चुकतो.

विजापूर_रोड | सोमवार, दुपारी १२:३०

सगळं वाचून काळजात धडधडतंय. माझ्या मिसेसना २९ वा आठवडा आहे. परवा बीपी १३४/८६ होतं, क्रिएटिनिन ०.७, लघवीत प्रोटीन अगदी जरासं (ट्रेस). डॉक्टरांनी आठवड्याने बोलावलंय. पुढच्या महिन्यात ती माहेरी विजापूरला जाणार आहे. पाठवू की नको? काही औषध चालू करू का?

बार्शीची_डॉक्टर | सोमवार, दुपारी ३:१५

दादा, औषध इथून कुणीही सांगणार नाही आणि तुम्हीही कुणाचं ऐकून चालू करू नका. घरी बीपीचं मशीन असेल तर सकाळ-संध्याकाळ बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून घ्या आणि वहीत लिहा. १४०/९० आलं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली कळ, तोंडावर एकदम सूज, बाळाची हालचाल कमी, यांतलं काहीही झालं तर आठवडा मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. आणि सुरुवातीचं क्रिएटिनिन आज संध्याकाळी शोधा. ०.७ हा आकडा त्याच्याशिवाय मला काहीच सांगत नाही.

पार्क_चौक | सोमवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. अशोक_चौक, तुमच्या आत्याची गोष्ट मी आज आईला वाचून दाखवली.

बाळंतपणानंतरचं लिहायचं राहिलं होतं, कारण आम्हाला वाटलं होतं सिझर झालं, संपलं. तसं नसतं. सिझरच्या दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.३ झालं, म्हणजे अजून चढलं. बीपी चौथ्या दिवशी पुन्हा उसळलं. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत ते चढतंच, म्हणून घरी सोडायची घाई नाही. दुखणं थांबवायला नेहमीचं डायक्लोफेनॅक दिलं नाही, किडनीवर भार नको म्हणून. पॅरासिटामॉलवर निभावलं. पाचव्या दिवशी ०.९, सहा आठवड्यांनी ०.७. लघवीतलं प्रोटीन मात्र हळू गेलं. सहा आठवड्यांनी गुणोत्तर ०.६ होतं, परवाच्या तीन महिन्यांच्या तपासणीत ०.१५ आलं. तीन महिन्यांनंतरही ते राहिलं असतं तर किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं, कारण कधीकधी किडनीचा आजार आधीपासून असतो आणि तो गरोदरपणात उघडा पडतो.

बारसं, बाळाची मालिश, शेक-शेगडी, सगळ्यात बाळंतिणीची ही तपासणी कुणाच्या लक्षातच राहत नाही. मॅडमनी नॉर्वेतल्या २००८ च्या अभ्यासाचं सांगितलं. पहिल्या बाळंतपणात हा आजार झालेल्या बायकांमध्ये पुढे किडनी निकामी होण्याचं प्रमाण इतरांच्या चौपट-पाचपट होतं. मुळात ते फारच थोड्या जणींना होतं, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण वर्षातून एकदा बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन बघायचं. पुढच्या वेळी दिवस राहिले तर सोळाव्या आठवड्याच्या आत अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी चालू करायची, तीही डॉक्टरांनाच विचारून.

बहिणीच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी आता एक तक्ता केलाय. तारीख, आठवडा, लॅब, बीपी, क्रिएटिनिन, प्लेटलेट. शाळेच्या हजेरीपटासारखा, लाल शाईने रेघा मारून.

भीमाकाठ | सोमवार, रात्री १०:५०

ताई, त्या तक्त्याचा फोटो टाकता का? सुनेला पाचवा महिना आहे. माझा रविवारचा प्रश्न मागे घेत नाही, पण सुनेचं क्रिएटिनिन उद्या करून घेतो. ९ तारीख परवाच आहे.

पार्क_चौक | सोमवार, रात्री ११:०५

टाकलाय दादा. सगळ्यांनी वापरा. सूनबाईंचा आकडा कळवा.

विजापूर_रोड | मंगळवार, रात्री ८:१०

बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट लॅबच्या जुन्या मेसेजमध्ये सापडला. ०.६ होतं, लॅब तीच. आज पुन्हा बीपी दाखवलं, १२८/८२. लघवीतल्या प्रोटीनचं गुणोत्तर ०.१. डॉक्टर म्हणाले दर आठवड्याला या. विजापूरला पाठवायचं की नाही ते तिथल्या डॉक्टरांशी बोलून मग ठरवायचंय. सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, म्हणून तक्त्याच्या शेजारी कन्नडमध्येही लिहून घेतलंय. एक प्रत मिसेसच्या पर्समध्ये, एक सासूबाईंकडे, आणि एक फोटो माझ्या फोनमध्ये आहे.